खेळाची रात्र आणि खाडीची सकाळ

मैत्रिणींनो, आमचा बचत गट सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावातला. रेडिओवर आम्ही आलो की तुम्हाला वाटतं, आता व्याजाचा दर येणार, परतफेड येणार, नाहीतर कोकमाच्या आगळाचा भाव येणार. आज यातलं काहीच नाही. आज आम्ही खेळाबद्दल बोलणार आहोत आणि थोडं गप्प बसण्याबद्दल. दोन्ही गोष्टी आमच्या गटाने गेल्या वर्षभरात केल्या. तुमच्या गटाला करायच्या असतील तर कशा कराव्यात, कुठे अडतं, हे सांगतो.

सुरुवात झाली ती एका फोटोवरून. आमच्या गटात बारा जणी आहेत. दर वर्षी संक्रांतीनंतर आम्ही गटाचं हळदीकुंकू करायचो. वाण लुटायचं, तिळगूळ द्यायचा, एक फोटो काढायचा आणि तो प्रभागसंघाच्या बैठकीत दाखवायचा. मागच्या वर्षी तो फोटो बघताना तिथल्या एका ताईने सहज विचारलं, "गटात बारा जणी ना तुमच्या? इथे तर नऊच दिसतात." आम्ही एकमेकींकडे बघितलं. उरलेल्या तिघी विधवा आहेत. त्यांना आम्ही येऊ नका असं कधी म्हटलं नव्हतं. त्याच येत नव्हत्या, आणि आम्ही बोलावण्याचा आग्रह धरत नव्हतो. इतकी वर्षं हे चाललं आणि कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं, पण बोललं कोणी नव्हतं.

त्या तिघींचा हप्ता एकदाही थकलेला नाही. बचतीची वही काढून बघा, सगळ्यात स्वच्छ पानं त्यांचीच आहेत. त्यातली एक तर आमची हिशोबनीस आहे. आम्ही तिला काकी म्हणतो. पैशासाठी ती आमची, आणि हौसेच्या दिवशी ती नको, असा हा प्रकार होता.

तुम्ही ऐकलं असेल, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं सांगितलं. आम्ही तो ठराव गटाच्या बैठकीत वाचला, माना डोलावल्या, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा नऊ जणींचा फोटो काढला. म्हणून आम्हाला वाटतं, ठराव हवाच, पण त्याबरोबर काहीतरी वेगळं करावं लागतं, जिथे सवाष्ण कोण आणि विधवा कोण हा प्रश्नच निघत नाही. खेळात तो निघत नाही. पत्त्यांच्या डावात तुमच्या हातात गुलाम आहे की नाही एवढंच बघतात.

तर असं ठरलं, की महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री, गटाची खेळरात्र करायची.

लगेच कोणीतरी म्हणालं, "आणि घरचं कोण करणार?" प्रश्न खोटा नव्हता. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. त्यात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास आणि पुरुषाचा दीड तास, तोही जो करतो त्याचा. करणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले होते. आमच्या बैठकीत हा आकडा वाचल्यावर एक वयनी म्हणाली, "पाच तास? ही पाहणी आमच्याकडे आली नसावी." ती नारळ सोलते, गाय बघते, सासऱ्यांची औषधं देते. तिचा हिशोब आम्ही बोटांवर केला तेव्हा तो आठ तासांवर गेला.

म्हणून पहिला नियम असा केला, की खेळरात्रीला खाणं नाही. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण बायका जमल्या की खाणं येतं, खाणं आलं की दोघी-तिघी चुलीपाशी जातात, आणि बाकीच्या खेळत असताना त्या पोहे परततात. आणि त्या दोघी-तिघी नेहमी त्याच असतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा ज्याने त्याने घरून जेवून यायचं. मध्ये फक्त कोरा चहा, तोही थर्मासमधून आणलेला. भांडी घासायची नाहीत, आपापला पेला आपण न्यायचा. हा एकच नियम पाळलात तरी तुमची खेळरात्र निम्मी यशस्वी झाली म्हणून समजा.

दुसरा नियम पैशाचा. पैसा लावायचा नाही, एक रुपयासुद्धा नाही, गमतीतही नाही. याचं कारण तुम्हाला सांगायला नको. गावात लगेच बोलणं सुरू होतं, "बायका रात्री पत्ते कुटतात." आमच्याकडे झालंच ते. एका घरातून निरोप आला की बचत गट आहे की क्लब आहे? आम्ही त्या भाऊंना येऊन बघा म्हटलं. ते आले, दाराशी उभे राहिले, आणि आमची सत्तर वर्षांची आजी चिंचोके मोजताना बघून निघून गेले. गुण मोजायला आम्ही चिंचोके वापरतो. डाव संपला की सगळे चिंचोके परत एकाच डब्यात. कोणाकडे काही शिल्लक राहत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यात उधारीही नाही.

वेळ साडेआठ ते दहा. दहा म्हणजे दहा. जिचं घर लांब आहे तिला दोघींनी पोचवायचं. जागा अंगणवाडीसारखी मोकळी असली तर बरी. कोणाच्या घरी केलं तर त्या घरची सून यजमानीण होऊन बसते आणि तिचा खेळ बुडतो.

आता खेळ कोणते. आमच्या कोकणात फुगड्या म्हणजे गणपतीतल्या. त्या रात्री बायका घरोघर जाऊन फुगड्या घालतात. पण तिथेही आणि मंगळागौरीतही मान सवाष्णींचा. म्हणून आम्ही पहिल्या रात्री फुगडी ठेवलीच नाही. बसून खेळायचे खेळ ठेवले.

गुलामचोर सगळ्यात सोपा. पत्त्यांतून तीन गुलाम काढून टाकायचे, एकच ठेवायचा. सगळे पत्ते वाटायचे. हातातल्या जोड्या खाली टाकायच्या. मग प्रत्येकीने शेजारणीच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं, जोडी झाली तर टाकायची. शेवटी जिच्या हातात एकटा गुलाम उरतो ती चोर. लिहिता-वाचता न येणारी बाईही पाच मिनिटांत शिकते, कारण चित्रं आणि ठिपके ओळखले की झालं. आणि या खेळात चेहरा सरळ ठेवावा लागतो. आमच्या गटाच्या अध्यक्षांना ते अजिबात जमत नाही. गुलाम हातात आला की त्यांच्या कानापर्यंत लाली जाते. बँकेत साहेबासमोर इतक्या ठामपणे बोलणारी बाई, आणि गुलामाने तिची ही गत.

दुसरा खेळ कवड्यांचा. कोणी त्याला अष्टाचंगा म्हणतं, कोणी चौकाबारा. जमिनीवर खडूने पाच बाय पाचचा चौकोन काढायचा, म्हणजे पंचवीस घरं. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारायची. चार जणी चार बाजूंना. प्रत्येकीच्या चार सोंगट्या. सोंगट्या म्हणजे काय, एकीच्या बांगडीचे तुकडे, एकीचे शेंगदाणे, एकीची खडी. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं चालायची. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा एकदा टाकायला मिळतं. बाहेरून फेरी मारायची, मग आतल्या फेरीत शिरून मध्यावर पोचायचं. फुलीच्या घरात कोणी मारू शकत नाही. बाकी कुठेही समोरची सोंगटी सापडली तर मारायची, ती पुन्हा घरी. एकही सोंगटी न मारता आत शिरता येत नाही, म्हणून भिडस्त बाईला इथे अडचण येते. "मारू कशी गो, माझीच जाऊ ती," असं म्हणून आमच्या एका काकीने पहिल्या रात्री चार वेळा डाव सोडला. तिसऱ्या महिन्यात त्याच काकीने जावेच्या दोन सोंगट्या एका दानात घरी पाठवल्या आणि टाळी वाजवली.

कवड्या नसतील तर चिंचोके घासून घ्या. चिंचोका दगडावर घासला की एक बाजू पांढरी होते, एक काळी राहते. कवडीचं काम तोच करतो.

पहिल्या रात्रीचं खरं सांगायचं तर ती फसली. बारापैकी सात जणी आल्या. दोघी सवाष्णींच्या घरून निरोप आला की अंगात बरं नाही. तिघी विधवांपैकी एकच आली, आमची हिशोबनीस काकी. तीही दाराजवळ बसली, हातात बचतीची वही घेऊन. खेळायला बोलावलं तर म्हणाली, "माका नको गो, तुमी खेळा. मी वही बघतंय." रात्री साडेआठला वहीत बघण्यासारखं काय असतं? पण आम्ही ओढलं नाही. ओढून आणलेल्या माणसाला खेळता येत नाही. दुसऱ्या महिन्यात गुलामचोराला एक हात कमी पडत होता म्हणून ती बसली, "एकच डाव" असं म्हणून. नऊ डाव झाले.

आता खेळाच्या रात्रीतून आम्ही खाडीवर कशा गेलो ते सांगतो, कारण ते सागरगोट्यांमुळे झालं.

सागरगोटे तुम्ही लहानपणी खेळला असाल. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन-तीन. गटाच्या डब्यातले सागरगोटे पोरांनी हरवले. बाजारात विचारलं तर मिळेनात. पुढच्या खेळरात्रीला हिशोबनीस काकी पदराला गाठ मारून आली. गाठ सोडली तर मूठभर सागरगोटे, राखी रंगाचे, गुळगुळीत. आम्ही विचारलं, कुठले? म्हणाली, खाडीच्या बांधाकडचे. सागरगोट्याची काटेरी वेल समुद्राकाठी, खाडीकाठी वाढते. शेंगांनाही काटे असतात. बी इतकं टणक, की पाण्यावर तरंगत दूर जातं आणि दुसऱ्या किनाऱ्याला लागून रुजतं. आम्ही सगळ्या खाडीकाठच्या, पण त्या बांधाकडे शेवटचं कधी गेलो होतो ते कोणाला आठवेना. ती मात्र रोज जाते. नवरा गेल्यापासून तिसऱ्या आणि कालवं काढून ती घर चालवते.

तेव्हा एक जण म्हणाली, "आमकाय ने गो एकदा." ती म्हणाली नेते, पण तिथे बडबड करायची नाही.

घाटावरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगतो. समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरतं ती खाडी. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांना खारफुटी म्हणतात, सरकारी कागदात कांदळवन. तिथे जायचं तर पाण्याची वेळ कळली पाहिजे, आणि त्यासाठी मोबाइल लागत नाही. काकीचा हिशोब असा आहे, "तिथीक पाऊण पट करा, झाला." म्हणजे तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून साडेचारला भरती, पहाटेही आणि दुपारीही. नवमीला नऊची पाऊणपट पावणेसात. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, त्यातूनच हा हिशोब आला आहे. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं, म्हणून आपल्या जागेला किती उशीर लागतो ते तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारून घ्यायचं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, ते हळू चढतं, हळू उतरतं. पाण्याला भिणाऱ्या बायका बरोबर असतील तर भांगाचा दिवस धरा. आम्ही माघातली वद्य नवमी धरली. पावसाळ्यात मात्र हा बेत करू नका. बांध निसरडा असतो आणि वरून आलेल्या पाण्यापुढे हा हिशोब चालत नाही.

होडी घेतली नाही. खारबांधावरूनच गेलो. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध. एका बाजूला भाताचे मळे, दुसऱ्या बाजूला खारफुटी. खर्च शून्य. बरोबर एक गोणपाट बसायला, पाण्याची बाटली, आणि पायात बूट नाहीतर जुनी चप्पल, कारण कालवांच्या शिंपल्या पाय कापतात. आठ जणी होतो. सातला निघालो, साडेसातला बांधावर बसलो. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं.

पहिली दहा मिनिटं काहीही दिसलं नाही. चिखल, पाणी, झाडं. एकीला हसू फुटलं, तिच्यामुळे दुसरीला. काकीने मागे न वळता हात वर केला, शाळेतल्या बाईंसारखा. पुन्हा गप्प. आम्ही बायका कधी अशा बसत नाही हो. बसलो तरी हातात काहीतरी असतं, मटार सोलायचे, लसूण निवडायचा, वाती वळायच्या. रिकामे हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे काय करायचं तेच कळत नव्हतं. एकीने पदराचे दोरे काढायला सुरुवात केली.

मग पाणी मुळांच्या खाली गेलं आणि चिखल हलायला लागला. आधी वाटलं भास आहे. पण ते खेकडे होते, नखाएवढे. नराचा एक डेंगा अंगापेक्षा मोठा, तो वर-खाली हलवत बिळाच्या तोंडाशी उभा. पावलाची धमक लागली की हे सगळे क्षणात बिळात जातात, आणि मग बराच वेळ बाहेर येत नाहीत. आम्ही इतकी वर्षं बोलत-चालत जात होतो, म्हणून आम्हाला हा चिखल कायम रिकामाच दिसला होता. त्यांच्यामधून निवट्या सरपटत होत्या, डोक्यावर डोळे असलेले मासे, कल्ल्यांजवळच्या परांवर टेकून चालणारे. निवटीचं कालवण आम्ही कित्येकदा केलंय. जिवंत निवटी दुसऱ्या निवटीशी भांडताना बघितली ती त्या दिवशी पहिल्यांदा. एक खंड्या फांदीवर येऊन बसला आणि कितीतरी वेळ आमच्यासारखाच काही न करता बसून राहिला.

झाडांची ओळख काकीने नंतर करून दिली, ती अशी. कांदळ ओळखायचं ते मुळांवरून. खोडातून कमानीसारखी मुळं निघून चिखलात रुततात, जणू झाड टेकू लावून उभं आहे. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं. सुटलं की टोकावर खाली पडून चिखलात उभं राहतं, नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे लागतं. तिवराची मुळं चिखलातून वर येतात, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी वरची हवा घेतं. त्यावर पाय देऊन चालू नये, ते झाडाचं नाक आहे. तिवराचं पान चाटून बघा, खारट लागतं. आत आलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. चिप्पीची मुळं अशीच, पण जाड, निमुळती. तिची पांढरी फुलं रात्री उमलतात. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवला, आणि असा वृक्ष ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. आणि गेवा ओळखून ठेवा, तो हाताळू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यांना मोठा त्रास होतो.

चिखलाला वास येतो सडक्या अंड्यासारखा. त्याला घाण समजून आम्ही नाक धरत होतो. पडलेली पानं हवा नसलेल्या चिखलात कुजतात, त्याचा तो वास. त्याच पानांवर खेकडे जगतात, मुळांच्या जाळीत कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. काकी म्हणते, जिथे कांदळ तोडला तिथे तिला तिसऱ्या कमी मिळाल्या.

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्यातल्या चौघींनी सरपणासाठी तिवर तोडलेला आहे, गुरांना पालाही घातलेला आहे. गॅसचा सिलिंडर महाग झाला तेव्हा पुन्हा तोडला. कायद्याने हे चालत नाही. राज्यात कांदळवनासाठी २०१२ पासून वनविभागाचा वेगळा कांदळवन कक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवन तोडायला बंदी केली आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात भराव-बांधकामालाही. हे माहीत नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही, फलक वाचला होता. पण त्या सकाळनंतर आमच्यातल्या दोघी शेणाच्या गोवऱ्या आणि नारळाच्या झावळ्यांवर आल्या. बाकी दोघींचं अजून बोलणं चालू आहे. कोणाच्या चुलीवर बोट ठेवणं सोपं नाही.

परत येताना अर्थातच कोणीतरी म्हणालं, "आपणही सफारी सुरू करूया." वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्या बायकांचं आम्हाला मोठं कौतुक आहे. शासनाची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनाही आहे, खेकडापालन, कालवं, पर्यटन असं त्यात येतं. पण आमचं मत असं पडलं की आत्ता नको. बचत गटाच्या बाईला काहीही दाखवा, ती विचारते यातून उत्पन्न किती. आम्हाला तशी सवय लावली गेली आहे आणि ती वाईटही नाही. तरी एखादी सकाळ अशी असावी जिचा प्रकल्प अहवाल करायचा नाही. आमची दशसूत्री आम्हाला पाठ आहे, नियमित बैठकीपासून शाश्वत उपजीविकेपर्यंत. त्यात खेळ नाही आणि गप्प बसणंही नाही. म्हणून हे आम्ही बैठकीच्या वहीत लिहीत नाही. त्यासाठी वेगळी दोनशे पानी वही केली आहे.

बांधाच्या टोकाला चहा प्यायलो तेव्हा एकीने काकीला विचारलं, रोज एकटी येतेस, कंटाळा येत नाही? काकी पेला हातात फिरवत म्हणाली, "अकरा वर्सां मी हय येतंय. हय माका कोण काय इचारणा नाय." आम्ही यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. अकरा वर्षांत संक्रांती अकरा झाल्या होत्या, आणि त्या दिवशी ती कुठे असते हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

या वर्षी संक्रांतीनंतर हळदीकुंकवाऐवजी खेळरात्रच केली. वाण म्हणून प्रत्येकीला पाच-पाच सागरगोटे. अकरा जणी आल्या. फोटोत अकराच आहेत, कारण तिघींपैकी एक अजूनही येत नाही. ती दिरांच्या घरात राहते. रात्रीचं सोडाच, दुपारच्या बैठकीलाही तिला विचारून निघावं लागतं. तिचे पैसे पुतण्या आणून देतो. तिच्या घरी आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा चहा मिळाला आणि विषय बदलला गेला. आता दुपारी तीनची खेळसभा करून बघणार आहोत, तिच्या घराजवळच्या देवळाच्या ओसरीवर. देवळात जाते म्हटलं तर तिला कोणी अडवत नाही.

फुगडीचंही सांगून टाकतो, कारण तुम्ही विचाराल. मागच्या महिन्यात डाव संपल्यावर आमची वयनी उठली आणि काकीचे दोन्ही हात धरून उभी राहिली. काकीने आधी दाराकडे बघितलं. मग दोघींनी चार गिरक्या घेतल्या, पाचवीला काकीचा दम लागला आणि ती भिंतीला टेकून हसत राहिली. आमच्या सत्तरीच्या आजी, ज्यांनी पहिल्या रात्री नाक मुरडलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी चिंचोके डब्यात भरायला घेतले. गणपतीत, घरच्या गणपतीसमोर हे चालेल का, ते ठाऊक नाही. त्याची चर्चा आमच्यात अजून व्हायची आहे आणि ती गोड होणार नाही.

तुमच्या गावाला खाडी नसेल तर तळं असेल, नदीचा डोह असेल, देवराई असेल. तिथे सगळ्यात जास्त जाणारी तुमच्यातली बाई कोण ते आधी शोधा, आणि तिलाच पुढे करा. मोबाइल घरी ठेवा, निदान आवाज बंद करा. तासभर पुरे. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही, तेव्हा उठू नका.

आमची पुढची सहल वद्य अष्टमीला आहे. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पावणेसातला बांधाच्या सुरुवातीला जमायचं. गोणपाट आपापलं आणा, आणि जिच्याकडे गटाच्या डब्यातल्या चार कवड्या राहिल्या आहेत तिने त्याही बरोबर आणाव्यात, शनिवारी लागणार आहेत.